पायाखालचा जीव

‘माझ्या एकट्याच्या पावलाने काय होणार?’ हा प्रश्न चालणाऱ्याच्या मनात केव्हा ना केव्हा येतोच. वारकऱ्याचा परमार्थ तर पायांनीच सुरू होतो. म्हणून त्याचा विचार आपण केला पाहिजे. दृष्टांत जरा दूर देशीचा घेऊ.

अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब गावाजवळ आर्चेस नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हणजे फुलबाग नव्हे, सरकारने राखलेले वाळवंट. १९२९ साली ते राखीव झाले, १९७१ साली राष्ट्रीय उद्यान ठरले. लोहाच्या गंजाने तांबडेलाल झालेला वालुकाश्म, आणि त्यात निसर्गाने कोरलेल्या दोन हजारांवर कमानी! वाळवंट खरे, पण थंडीत तिथे बर्फ पडतो. तांबड्या खडकावरचा तो पांढरा बर्फ पाहायला लोक मुद्दाम हिवाळ्यात पायी हिंडतात. डेलिकेट आर्च या कमानीची वाट येऊन-जाऊन सुमारे ५ किलोमीटर, चढ ४८० फूट. उघड्या खडकावर वाट उमटत नाही, म्हणून दगडावर दगड रचून खुणा केलेल्या. बर्फ गोठला की खडक निसरडा. बुटांना लोखंडी दात बांधून चालावे लागते.

वाटेच्या कडेला वाळूवर काळसर, खडबडीत पापुद्रा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, माती करपली. पण ती जिवंत असते! डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव, शेवाळ आणि आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद यांनी मिळून तो थर धरलेला असतो. त्यांचे चिकट तंतू वाळूचा कण कणाला बांधतात. त्यामुळे वाऱ्याने वाळू उडत नाही, ओल टिकते, हवेतला नत्र मातीत येतो आणि झाडझुडूप जगते. बुटाच्या एका दाबाने हा थर मोडतो. पुरता भरून यायला कित्येक दशके लागतात.

आता पूर्वपक्ष. एक म्हणतो, ‘माझे एकच तर पाऊल!’ २०२१ साली तिथे १८ लाखांहून अधिक माणसे आली. प्रत्येकाने असेच म्हटले तर काय उरेल? वारीही एकेकाच्या पावलानेच उभी राहते ना? पुण्य मोजताना आपले पाऊल धरायचे आणि अपराध मोजताना सोडायचे, हा कुठला हिशेब?

दुसरा म्हणतो, ‘बर्फाखाली काही दिसलेच नाही.’ नेणत्याला क्षमा आहे. पण खाली जीव आहे हे एकदा कळले, की ती सबब उरत नाही. तिथले जाणते लोक खडकावरून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून किंवा मळल्या वाटेने जातात. पुढची खूण दिसेनाशी झाली तर मागे फिरतात. कमान राहिली तर राहिली!

तिसरा म्हणतो, ‘शेतकऱ्याच्या नांगराखालीही जीव मरतात.’ खरे आहे. देह आहे तोवर पूर्ण अहिंसा कोणाला साधली? पण पोटासाठी चालवलेला नांगर आणि चांगली तसबीर मिळावी म्हणून वाट सोडून टाकलेले पाऊल, ही एका मापाने मोजता येत नाहीत. टाळता येत असून टाळले नाही, तिथे दोष लागतो.

सर्वांभूती पांडुरंग पाहावा, असे आपण नित्य म्हणतो. गाईत, मुंगीत तो दिसतो; करपल्यासारख्या मातीत पाहणे अवघड. आषाढात पंढरीच्या वाटेवर कडेच्या शेतात कोणाचे तरी कोवळे पीक नुकतेच वर आलेले असते. गर्दीला कंटाळून बांधापलीकडे पाय टाकण्याआधी क्षणभर खाली पाहावे. विटेवरचे चरण पाहायला निघालेल्याने आपले चरण कुठे पडतात, तेही पाहिले पाहिजे.