झुंजीपूर्वींचा विसावा

मुष्टियुद्धाच्या स्पर्धेंत उतरणारा आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थी मध्यंतरीं मजकडे आला होता. सामना चार दिवसांवर आलेला, आणि वस्तादांनीं त्याची मेहनत निम्म्यावर आणलेली. "सर, अंगांत बळ असतां स्वस्थ बसणें पाप वाटतें," असें तो म्हणाला. रात्रीं दार लावून आपण चोरून जोर काढतों, हेंहि त्यानें कबूल केलें. मी मुष्टियुद्धांतला जाणता नव्हे. परंतु त्याच्या 'पाप' या शब्दानें मला विचारांत पाडलें. विश्रांति ही खरोखरच कर्तव्यांतील कसूर आहे काय?

शरीरशास्त्राचें उत्तर सरळ आहे. मेहनतीनें शरीर तत्काळ बळावत नाहीं. आधीं तें थकतें, स्नायूंतील शर्करेचा सांठा ओसरतो. मागाहून अन्न व झोंप यांच्या साह्यानें तें ही झीज भरून काढतें आणि पूर्वींपेक्षां किंचित् पुढें जातें. या भरपाईस दिवस लागतात. म्हणून शेवटच्या चार दिवसांतील जादा मेहनतीचें फळ सामन्यापूर्वीं हातीं येत नाहीं. थकवा मात्र येतो. जाणते वस्ताद अखेरच्या आठदहा दिवसांत मेहनत उतरवितात, पण तिची धार कायम ठेवितात: फेऱ्या थोड्या, ठोसे मात्र पूर्वींच्याच चपळाईचे. जोराच्या सरावझुंजी ते बंद करतात. कारण फुटलेली भुंवई चार दिवसांत भरून येत नाहीं.

१९७४ सालीं मुहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांची झुंज तेव्हांच्या झाईर देशांत, किन्शासा येथें, २५ सप्टेंबरला ठरली होती. आठनऊ दिवस आधीं सरावांत फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली, आणि झुंज ३० ऑक्टोबरपर्यंत लांबली. प्रत्यक्ष झुंजींत ३२ वर्षांचा अली दोरांवर रेलून राहिला, २५ वर्षांच्या फोरमनचे ठोसे हातांवर झेलीत त्यानें त्याला थकूं दिलें, आणि आठव्या फेरींत त्यास खालीं पाडलें. ऐन रणांतहि बळ राखून ठेवणें हा पराक्रमाचाच भाग असूं शकतो, हें त्या दिवशीं जगानें पाहिलें.

मग विसावा पाप कां वाटावा? मला वाटतें, याचें मूळ भयांत आहे. श्रम चालू असतां भय विसरतें. हात थांबले कीं तें समोर येऊन बसतें. चोरून काढलेले ते जोर सामन्यासाठीं नव्हते, स्वतःच्या धास्तीला गप्प बसविण्यासाठीं होते. 'मीं करावयाचें तें केलें. आतां तें मुरूं द्यावें' असें म्हणण्यास जो विश्वास लागतो, तो शंभर जोर काढण्याहून कठीण आहे.

यावर कोणी म्हणेल, आळसहि हीच वस्त्रें पांघरून येतो. आक्षेप खरा आहे. पण दोहोंत फरक ओळखतां येतो. खरा विसावा आधीं ठरविलेला असतो आणि श्रमाच्या मागून येतो. आळस ऐन वेळीं सुचतो आणि श्रमाची जागा घेतो. मात्र प्रमाण सर्वांस एकच नसतें. ॲरिस्टॉटलनें मध्यम मार्ग समजावितांना मल्ल मायलोचाच दाखला घेतला आहे: जो आहार त्याला अपुरा, तोच नवशिक्यास अति. गीतेच्या सहाव्या अध्यायांतहि आहार, निद्रा आणि कर्म या सर्वांस युक्ततेचा एकच दंडक लाविला आहे. तेथें निद्रेची गणना दोषांत नाहीं; अतिरेकाची आहे, मग तो निजण्याचा असो वा जागण्याचा.

हें सारें मी त्या मुलास सांगितलें खरें. पण सांगतांना मला माझी बी. ए.ची परीक्षा आठवत होती. पहिल्या पेपराच्या आदल्या रात्रीं मी पहांटेपर्यंत वाचीत बसलों, आणि सकाळीं पाठ असलेलें उत्तरहि मला सुचेना. आज घरोघरीं परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलाच्या खोलींतला दिवा जळतांना पाहून आईबापांस समाधान वाटतें. त्यांना माझी एवढीच विनंती आहे: वर्षभर तो दिवा जळला असेल, तर त्या रात्रीं तो आपल्या हातानें मालवावा.