डॉक्टर थकतात तेव्हा दोष कोणाचा?

दवाखान्यातून परत आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो, "काय म्हणाले डॉक्टर?" पुष्कळदा उत्तर मिळते, "म्हणतात काय! मान वर करून पाहिलेसुद्धा नाही." मग घरातले सगळे मिळून डॉक्टरांचा न्याय करतात. पैशांचा माज आहे, शिक्षणाचा गर्व आहे, हल्ली सेवाभाव उरलेला नाही. हे काही वेळा खरेही असते. रुग्णाला लुबाडणारे डॉक्टर आपल्या सर्वांच्या माहितीचे आहेत आणि त्यांची वकिली आम्हाला करायची नाही. पण मान वर न करणाऱ्या त्या माणसाच्या आत काय चालले असेल, हे आपण क्वचितच विचारतो. अमेरिकेतील एका डॉक्टरांनी मात्र हाच प्रश्न विचारण्यात वीसहून अधिक वर्षे घालवली आहेत. त्यांचे काम वाचताना आमच्या मनात जो नैतिक प्रश्न उभा राहिला, तो बंधुभगिनींनो, आज आपल्यापुढे मांडत आहोत.

डॉ. टेट शॅनफेल्ट हे रक्ताच्या कर्करोगाचे तज्ज्ञ. मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर येथे, मेयो क्लिनिकमध्ये ते अनेक वर्षे होते. २०१७ साली ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. 'क्रॉनिक लिंफोसायटिक ल्युकेमिया' हा त्यांच्या अभ्यासाचा आजार. हा रक्ताचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो आणि अनेकांमध्ये फार सावकाश वाढतो. म्हणून सुरुवातीला पुष्कळ रुग्णांना औषधच देत नाहीत. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचे आणि वाट पाहायची. कल्पना करा, तुम्हाला कॅन्सर आहे असे सांगितले आणि लगेच पुढे म्हटले, "आता काही करायचे नाही, काही महिन्यांनी या." रात्री झोप लागेल? डॉ. शॅनफेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतील अशा १४८२ रुग्णांची पाहणी करून ती २००७ साली प्रसिद्ध केली. शरीराने ही माणसे इतर लोकांसारखीच बरी होती. मनाची स्थिती मात्र सर्वसाधारण लोकांपेक्षाच नव्हे, तर इतर प्रकारच्या कर्करोगाच्या रुग्णांपेक्षाही वाईट होती. हे दुःख रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही. ते दिसण्यासाठी समोर बसलेल्या डॉक्टरांनी मान वर करावी लागते.

आणि डॉक्टरांमध्ये तेवढे बळच उरले नसेल तर? हा त्यांच्या अभ्यासाचा दुसरा भाग, आणि तो त्यांनी आधीच सुरू केला होता.

इंग्रजीत याला 'बर्नआऊट' म्हणतात. तेल संपल्यावर वात जळून जाते, तसे काहीसे. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या लोकांची अशी अवस्था होताना पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिच्याविषयी लिहिले. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ साली एका सहकारी संशोधिकेसह ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन लक्षणे पाहतात : मनाचा पूर्ण थकवा, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही ही भावना. यातले दुसरे लक्षण आम्हाला सर्वांत भयंकर वाटते. रुग्ण माणूस राहत नाही, 'सात नंबरची खाट' होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले, की हा रोग नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी ही अवस्था आहे. म्हणजे तिचे मूळ केवळ त्या माणसात नाही, कामाच्या व्यवस्थेतही आहे.

२००२ साली डॉ. शॅनफेल्ट यांनी सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील निवासी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ११५ जणांनी उत्तरे दिली. त्यांतील ७६ टक्क्यांमध्ये ही अवस्था आढळली. महिन्यातून एकदा तरी आपल्याकडून रुग्णाची हयगय होते, असे त्यांच्यापैकी ५३ टक्के डॉक्टरांनी स्वतःच कबूल केले. बाकीच्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. २०१२ साली देशभरातील सात हजारांहून अधिक डॉक्टरांच्या पाहणीत जवळजवळ निम्म्यांमध्ये निदान एक तरी लक्षण दिसले. डॉक्टरांचा थकवा ही त्यांची खासगी बाब नाही, तो रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो.

आता आमचा प्रश्न. अशा थकलेल्या हातून चूक झाली तर दोष कोणाचा?

१९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. तिला पाहणारे निवासी डॉक्टर दीर्घ पाळीवर होते आणि एकाच वेळी अनेक रुग्ण सांभाळत होते. तिचे वडील पत्रकार होते. डॉक्टरांवर खुनाचा खटला भरा, अशी त्यांची मागणी होती. बापाच्या जागी आपण असतो तर वेगळे काही मागितले असते का? पण चौकशी करणाऱ्या ज्युरीने डॉक्टरांवर गुन्ह्याचा आरोप ठेवला नाही. झोपेशिवाय आणि देखरेखीशिवाय शिकाऊ डॉक्टरांना राबवणाऱ्या पद्धतीवर तिने बोट ठेवले. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने या डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. साऱ्या अमेरिकेत तसा नियम व्हायला २००३ साल उजाडले. आपल्याला ८० तासदेखील अमानुष वाटतील, ते सोडून द्या.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो, की गंभीर पाप घडण्यासाठी बाब गंभीर असावी लागते, पूर्ण जाणीव असावी लागते आणि मनाची संमती असावी लागते. रुग्णाचा जीव ही बाब गंभीर आहे, यात वादच नाही. पण रात्रभर जागलेल्या माणसाची जाणीव किती शाबूत असते? संमती तर त्याने चुकीला कधीच दिलेली नसते. मग पाप नाहीसे झाले असे म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. ते मागे सरकते. पूर्ण शुद्धीत, दुपारी टेबलाशी बसून ज्यांनी ती पाळी लावली, दोघांचे काम एकावर टाकून पैसे वाचवले, त्यांच्यापाशी जाणीवही होती आणि संमतीही. डॉक्टर स्वतः मात्र असा हिशेब करत नाहीत. २०१० सालच्या पाहणीत सुमारे नऊ टक्के अमेरिकन शल्यचिकित्सकांनी सांगितले, की गेल्या तीन महिन्यांत आपल्या हातून मोठी चूक झाली असावी. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी दोष व्यवस्थेला न देता स्वतःकडे घेतला.

येथे कोणी म्हणेल, सेवा म्हटली की झिजणे आलेच. मेयोची गोष्टच पाहा. १८८३ साली रोचेस्टर शहरात वादळाने हाहाकार उडाला, तेव्हा तेथील फ्रान्सिस्कन सिस्टरांनी जखमींची सेवा केली. पुढे मदर आल्फ्रेड मोज यांनी वृद्ध डॉ. मेयो यांच्याकडे रुग्णालयाचा आग्रह धरला आणि १८८९ साली सेंट मेरीज रुग्णालय उघडले. शाळेत शिकवणाऱ्या त्या सिस्टर परिचारिका झाल्या. त्यांच्या त्यागापुढे आमचे मस्तक नम्र होते. पण त्याग स्वतः करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या त्यागावर आपला कारभार चालवणे वेगळे. मार्कच्या शुभवर्तमानात शिष्य काम करून परततात, गर्दीमुळे त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही, तेव्हा प्रभू येशू त्यांना विश्रांतीसाठी एकांतात नेतो. गर्दी तेथेही पोहोचते. लोकांचा कळवळा येऊन शिकवायला बसतो तो प्रभू स्वतः. शिष्यांच्या विश्रांतीची गरज त्याने आधी ओळखली होती, हे आपण प्रवचनात फारसे ऐकत नाही.

डॉ. शॅनफेल्ट यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या कामात डॉक्टरांना सर्वांत जास्त अर्थ वाटतो, त्याला आठवड्यातला निदान एक दिवस ज्यांना मिळत होता, त्यांच्यात ही अवस्था ३० टक्क्यांच्या आसपास होती. ज्यांना तेवढाही मिळत नव्हता, त्यांच्यात ५४ टक्क्यांच्या. बहुतेकांना अर्थ कशात वाटत होता? रुग्णसेवेत! म्हणजे पुष्कळांना रुग्ण नकोसा झालेला नसतो. कागद आणि कॉम्प्युटर त्याला दूर लोटतात. मेयोमध्ये आणखी एक प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. चौऱ्याहत्तर डॉक्टरांपैकी निम्म्यांना दर पंधरवड्याला एक तास, पगारी वेळेत, लहान गटात बसून मनातले बोलायला दिले. त्यांचा ताण काही कमी झाला नाही, पण कामातला अर्थ परत आला, कोरडेपणा घटला. तो तास रुग्णालयाने दिला होता, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. "योगासने करा, प्रार्थना करा" असे सांगून त्यांना घरी पाठवले नव्हते.

आपल्याकडचे चित्र पाहा. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरांना बेदम मारले. मेंदूचे शल्यचिकित्सक तेथे नव्हते. हे हाडांचे डॉक्टर होते. जे पद भरलेच नव्हते, त्याचा मार जे हजर होते त्यांनी खाल्ला. नंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि हाल पुन्हा गरीब रुग्णांचेच झाले. रिकाम्या पदांचा जाब विचारायला आपल्यापैकी किती जण पंचायतीत, नगरपालिकेत, आमदारांकडे गेलो? मते मागायला येतात तेव्हा आपण रस्ता मागतो, गटार मागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि नर्स किती, हे विचारायचे राहून जाते.

आपल्या धर्मग्रामातही नर्स आहेत, डॉक्टर आहेत, आयाबाई आहेत. रविवारी सकाळच्या मिस्साला एखादी ताई रात्रपाळी करून थेट स्टेशनवरून येते आणि मागच्या बाकावर बसते. प्रवचन सुरू झाले की तिचा डोळा लागतो. शेजारची बाई तिला कोपराने ढोसते. ढोसू नये. शांतिचिन्हाच्या वेळी उठवले तरी चालेल.