चहाडी आणि जागल

आमच्या वाशीम जिल्ह्यांतील एका लहान गांवीं कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली ही गोष्ट आहे. स्वस्त धान्याच्या दुकानांत गहूं-तांदूळ तोलून देणाऱ्या एका गड्यानें, दर शिधापत्रिकेमागें धान्य कमी घातलें जातें, हें तहसील कचेरींत जाऊन सांगितलें. चौकशी झाली, गोष्ट खरी ठरली. ज्यांच्या पोटाचें धान्य कापलें जात होतें, त्याच लोकांनीं त्या गड्याला ‘चहाडखोर’ ठरविलें. ओट्यावर बसून आम्हींही तो शब्द उच्चारला, आणि उच्चारतांना आम्हांस कांहीं खटकलें नाहीं, हें कबूल करणें भाग आहे. ‘ज्याचें मीठ खाल्लें त्याच्यावरच उलटला,’ एवढें कारण आम्हांस पुरेसें वाटलें.

पुढें मात्र त्या शब्दानें आमची पाठ सोडली नाहीं. या कामासाठीं मराठींत शब्दांचा तोटा नाहीं. चहाडी, चुगली, लावालावी, कान फुंकणें. माणसाला म्हणाल तर कळलाव्या, खबऱ्या, घरभेदी, फितूर. मौज अशी कीं, सांगितलेलें खरें कीं खोटें, ही विचारपूस यांतले बहुतेक शब्द करीतच नाहींत. खोटें रचणाऱ्यासाठीं आळ, कुभांड, कंड्या असे निराळे शब्द आहेत. चहाडी बहुधा खरी असते, आणि खरी असते म्हणूनच झोंबते. किल्ल्याचा दरवाजा आंतून उघडणारा तो फितूर. आणि आज न्यायालयांत आधींचा जबाब फिरवून गप्प बसणारा साक्षीदार, तोही फितूर! कोणाच्या घरांतून निघालें आणि कोणाच्या कानीं पडलें, एवढेंच हे शब्द पाहतात.

हें पाहणें अगदींच चुकीचें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. २२ जून १८९७ रोजीं पुण्यास रँड आणि आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारनें २०,००० रुपयांचें बक्षीस लाविलें. द्रविड बंधूंनीं दामोदर चापेकर यांचें नांव पोलिसांस सांगितलें. तें नांव खोटें नव्हतें. १८ एप्रिल १८९८ रोजीं दामोदरपंत फांसावर गेले. ८ फेब्रुवारी १८९९ रोजीं वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनीं द्रविड बंधूंना ठार मारण्यासाठीं गोळ्या घातल्या, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत तेही दोघे फांसावर चढले. खून तो खून, असें मानणारा वाचकही द्रविडांविषयीं आदर बाळगतांना आढळत नाहीं. त्यांच्या सत्याला किंमत ठरलेली होती, आणि ज्या सत्तेच्या कानीं तें घातलें तिनेंच प्लेगच्या दिवसांत लोकांच्या घरांत सोजीर घुसविले होते. कायदा त्यांच्या बाजूस होता. त्यानें लोकांच्या मनांतला निकाल बदलला नाहीं.

आतां आमच्या गड्याकडे पाहा. त्याला बक्षीस नव्हतें. उलट रोजगार गेला. त्यानें मीठ खाल्लें तें दुकानदाराचें, हें खरें. पण दुकानदाराच्या घरीं तें मीठ आलें कोठून? कापलेल्या शेर-अदशेरांतूनच ना? मग बेइमानी कोणाशीं झाली? हा साधा हिशेब ओट्यावरच्या आम्हां शहाण्यांना सुचला नाहीं.

कोणी म्हणेल, ‘सांगायचें तर उजळ माथ्यानें, नांवानिशीं सांगावें, निनावी अर्ज करणारा तो चहाडखोरच.’ आम्हांसही पूर्वीं असेंच वाटे. परंतु तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनीं माहितीच्या अधिकाराखालीं जमिनींचे व्यवहार उघड्यावर आणले ते आपल्या नांवानेंच, आणि १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं फिरावयास निघाले असतां त्यांचा खून झाला. दुसऱ्याकडून उजळ माथ्याची अपेक्षा करणें ओट्यावर बसून फार सोपें असतें.

अशा माणसांसाठीं अलीकडे वर्तमानपत्रांनीं ‘जागल्या’ हा जुना शब्द काढला आहे. शब्द चांगला आहे. गांवगाड्यांत रात्रीचा पहारा करणारा, परक्या माणसाची वर्दी देणारा तो जागल्या. त्याला धान्याचा वांटा सगळा गांव देई, म्हणून तो एकट्या कोणाचा मिंधा नसे. मात्र हें काम बहुधा अस्पृश्य मानलेल्या लोकांकडे असे. गांवाची झोंप त्यांनीं राखावी, आणि त्यांचें घर गांवकुसाबाहेर असावें, ही आपली रीत! नव्या जागल्यास तोही वांटा नाहीं. त्याच्या संरक्षणाचा कायदा २०१४ सालीं संमत झाला. पुढें दहा वर्षें उलटलीं तरी तो अंमलांत आला नव्हता.

आमचा गडी अकोल्यास एका डाळीच्या गिरणींत कामाला लागला, असें ऐकतों. मध्यंतरीं त्या गांवीं जाण्याचा योग आला. दुकानासमोर रांग होती. एका म्हातारीनें पिशवी उचलून हातांतच तोलून पाहिली, ‘बरोबर हाय’ म्हणाली, आणि घरचा रस्ता धरला. त्या गड्याची गोष्ट तेथें कोणी काढली नाहीं. आम्हींही काढली नाहीं.