सोबतीचा वेग

चार-पांच मित्र मिळून डोंगर चढावयास निघतात तेव्हां कोणी करारपत्र लिहून घेत नाहीं. कोणी कोणासाठीं थांबावें, किती थांबावें, आणि कोणास मागें ठेवून जाणें क्षम्य समजावें, ह्यांपैकीं एकही गोष्ट निघतांना बोलली जात नाहीं. बोलणें होतें तें इतकेंच कीं, पहांटे कोठें जमावयाचें आणि भाकरी कोणीं आणावयाच्या. तथापि हा न लिहिलेला करार अस्तित्वांत असतो, आणि तो मोडण्याची वेळ आली म्हणजेच त्याचीं कलमें दिसूं लागतात. गेल्या वर्षीच्या माघांत अशी एक वेळ आमच्यावर आली. तिनें मनांत उभा केलेला प्रश्न अद्याप पुरता मिटलेला नाहीं, म्हणून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचा जुना बोगदा आहे. त्याच्या माथ्यावरील वाघजाईच्या देवळापासून भुलेश्वराच्या रांगेनें पश्चिमेकडे निघालें कीं लहानमोठ्या तेरा टेकड्या ओलांडून माणूस सिंहगडाच्या रस्त्यास लागतो. अंतर सुमारें १६ किलोमीटर; सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर. आंकडे ऐकून कोणीं भिऊं नये. ह्या वाटेचा खरा कस उंचीपेक्षां पुनरुक्तींत आहे. चढून मिळविलेली उंची प्रत्येक खिंडींत परत करावी लागते, आणि पुन्हां पहिल्यापासून मिळवावी लागते. उतारावरचा मुरूम पायांखालून सरकतो, गवत वाळलेलें असतें, सावली विरळ, आणि वाटेंत पिण्याचें पाणी नाहीं. उजव्या हातास खडकवासल्याचा जलाशय चकाकत असतो, त्यामुळें तहान अधिकच लागते. डाव्या हातास शिवगंगेचें खोरें आणि त्यापलीकडे राजगड व तोरणा. पुष्कळ लोक ही वाट चांदण्या रात्रीं चालतात. आम्हीं दिवस निवडला, कारण पन्नाशी जवळ आलेल्या डोळ्यांचा चांदण्यावर भरवसा उरत नाहीं.

आम्ही पांच जण होतों. सातव्या टेकडीच्या उतारावर एका मित्राचा पाय घसरला व गुडघा दुखावला. मोडलें कांहीं नव्हतें. तो उठून चालूं लागला, परंतु पावलापावलास थांबूं लागला. खिंडींत आल्यावर करवंदीच्या एका जाळीच्या आडोशास तो बसला आणि हंसत म्हणाला, "तुम्ही पुढें व्हा रे. मी जरा दम खाऊन हळूहळू मागून येतों. नाहींच जमलें तर खालीं उतरून गाडी पकडीन." ऊन चढत होतें; अजून सहा टेकड्या होत्या. आम्हीं एकमेकांच्या डोळ्यांत पाहण्याचें टाळलें. निघतांना त्यानें आपली पाण्याची बाटली पुढें केली. "घ्या, तुम्हांला लागेल. मी काय, बसूनच राहणार." ती बाटली प्रस्तुत लेखकानें घेतली.

आठव्या टेकडीच्या चढावर बोलणें निघालें, तें त्या मित्राच्या चुकांविषयीं. त्याचे जोडे झिजून गुळगुळीत झाले होते. रात्रीं तो उशिरां निजला होता. महिनाभर आधीं सराव ठेवावयास सांगितलें होतें, तो त्यानें ठेवला नव्हता. हें सारें खरें होतें, आणि बोलणारांच्या मनांत दुष्टपणा मुळींच नव्हता. तरी ज्याला आपण टाकून आलों त्याचे दोष मोजण्याची गरज नेमकी त्याच क्षणीं कां पडावी? महाभारताच्या महाप्रस्थानिकपर्वांत हीच गोष्ट फार कठोरपणें आली आहे. पांडव हिमालय ओलांडून चालले असतां प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटीं भीम. प्रत्येक वेळीं भीम कारण विचारतो. युधिष्ठिर पडणाराचा दोष सांगतो आणि मागें न पाहतां चालूं लागतो. दोष खरे असतील. परंतु त्यांच्या उच्चारानें चालणाराचें पाऊल हलकें होतें, हेंही तितकेंच खरें. कथाकारास हें ठाऊक असावें, म्हणूनच कथा तेथें संपत नाहीं. स्वर्गाचा रथ समोर उभा राहिल्यावर तोच युधिष्ठिर अडून बसतो, तो आधीं भावांसाठीं आणि मग अखेरपर्यंत मागोमाग आलेल्या एका कुत्र्यासाठीं. इंद्र त्या कुत्र्याची अपवित्रता पुढें करतो. परंतु ह्या खेपेस धर्मराज दोषाची सबब स्वीकारीत नाहीं. त्याची परीक्षा होती ती येथें.

आठव्या माथ्यावर पाणी पिण्यासाठीं पिशवी उघडली तों हातास दोन बाटल्या लागल्या. वळून पाहिलें तर त्या जाळीपाशीं सदऱ्याचा पांढरा ठिपका होता तेथेंच होता. हळूहळू मागून येणारा माणूस एक पाऊलही पुढें सरकला नव्हता. भर उन्हांत, निर्जल खिंडींत, आम्हीं एका लंगडत्या माणसास बसविलें होतें, आणि वर त्याचें पाणी घेऊन आलों होतों.

आमच्यांतील एक जण पेशानें वकील आहे. तो म्हणाला, "अरे, पण पुढें व्हा असें तो स्वतःच म्हणाला ना?" हा युक्तिवाद क्षुल्लक नव्हे. शहाण्यासुरत्या माणसाचा शब्द न मानणें हा त्याचा एक प्रकारें अपमानच आहे, असें कोणी म्हणेल. परंतु तो शब्द कोणत्या अवस्थेंत निघाला हें पाहिल्यावांचून त्याची किंमत कशी करावी? मागें राहणाराच्या मनांत वेदनेपेक्षां लाज अधिक असते. आपल्यापायीं चौघांचा दिवस बुडतो, ही लाज त्याच्या तोंडून बोलते. तिला संमति समजणें आपल्या सोयीचें असतें इतकेंच. १९१२ सालच्या मार्चमध्यें दक्षिण ध्रुवावरून परततांना कॅप्टन ओट्स ह्याचे पाय हिमदंशानें निकामी झाले. मला झोपण्याच्या पिशवींत येथेंच सोडून जा, असें त्यानें सोबत्यांस विनविलें. वेग मंदावणें म्हणजे सर्वांचें मरण, हें सर्वांस दिसत होतें; तरी स्कॉट व इतर दोघांनीं तें ऐकलें नाहीं. पुढें ओट्स आपण होऊन वादळांत निघून गेला तो परतला नाहीं, आणि उरलेले तिघेही अन्नाच्या साठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर मृत्यु पावले. हिशेबी माणूस म्हणेल कीं त्यांचें थांबणें व्यर्थ गेलें. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. प्राण देऊं करण्याचा हक्क ओट्सचा होता. ते घेण्याचा हक्क त्याच्या सोबत्यांचा नव्हता. एकच वाक्य बोलणारास शोभतें आणि ऐकणारानें मान्य करणें शोभत नाहीं, असें नीतीच्या क्षेत्रांत पुष्कळदां घडतें. आमच्यापुढें तर मरणही नव्हतें. तेरा ह्या आंकड्याचा मोह तेवढा होता.

शेवटचा युक्तिवाद समोरच उभा होता, तो म्हणजे सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी पडल्यावर मावळे मागें सरूं लागले, तेव्हां सूर्याजीनें परतीचे दोर कापून टाकले, असें परंपरा सांगते. त्या गडाकडे तोंड करून उभें राहावें आणि मागें फिरावें, हें कोणास रुचेल? परंतु तेथें गड हें कार्य होतें आणि माणसें त्या कार्यासाठीं जमलीं होतीं. आम्ही जमलों होतों ते एकमेकांसाठीं. गड हें निमित्त होतें. निमित्तास साध्य मानलें म्हणजे सहलीची मोहीम होते, आणि मग मोहिमेला शोभणारी कठोरता आपण मित्रावर चालवितों.

आम्ही मागें फिरलों. मित्रापाशीं पोहोंचलों तों त्याचे ओठ सुकले होते. आम्हांस पाहून तो आनंदण्याऐवजीं ओशाळला. दोघांनीं त्यास आधार दिला आणि शिवगंगेच्या बाजूची एक सोंड धरून आम्ही तिसऱ्या प्रहरीं खालच्या रस्त्यास लागलों. "माझ्यामुळें तुमचा दिवस गेला," असें त्यानें उतरेपर्यंत पांच-सहा वेळां म्हटलें. "छे, छे, त्यांत काय," असें आम्हींही म्हटलें. पण ज्या सुरांत म्हटलें त्या सुरांत उपकार स्पष्ट ऐकूं येत होता. पाणी आम्हीं नेलें होतें, आणि ऋणी मात्र तो झाला होता!

तेव्हांपासून, थांबावें कीं न थांबावें हा प्रश्न आम्हांस फारसा अवघड वाटत नाहीं. थांबावें कसें, हा अवघड आहे. ज्याच्यासाठीं थांबलों त्याच्या माथीं आपल्या थांबण्याचें ओझें बसत असेल, तर आपण त्याचा गुडघा वांचविला आणि पाठ वांकविली एवढेंच झालें.

यंदाच्या पौषांत आम्ही पांचही जण पुन्हां त्याच वाटेनें गेलों. ह्या खेपेस एकच फेर केला: त्या मित्रास सर्वांच्या पुढें घातलें. डोंगरांत हिंडणारांची ही जुनी रीत आहे. तिचें मर्म आम्हांस उशिरां कळलें. हळू चालणारा मागें असला म्हणजे इतरांस दर वळणावर त्याच्यासाठीं थांबावें लागतें, आणि प्रत्येक थांबणें त्याच्या खातीं नांवें पडतें. तो पुढें असला म्हणजे कोणी कोणासाठीं थांबत नाहीं. त्याचा वेग तोच सर्वांचा वेग होतो. उपकाराची जागा रीत घेते, आणि रीतीचें ऋण कोणास वाटत नाहीं. घरांतील म्हाताऱ्या माणसासाठीं, वर्गांतील मागें पडणाऱ्या मुलासाठीं आपण अधूनमधून थांबतों व तें त्यांस जाणवूंही देतों. त्यांना पुढें घालण्याची रीत आपण कितीशी पाडली आहे, ह्याचा विचार वाचकांनीं आपापल्या ठिकाणीं करावा.

तेराही टेकड्या पार पडल्या. गडावर पोहोंचावयास पांच वाजून गेले होते, त्यामुळें मडक्यांतलें दही तेवढें संपलें होतें. पिठलें-भाकर पांचांस पुरली.