तीच जीप, कोणाच्या सोयीने?

माझ्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पाटे, वायरिंग, पत्रा असं जवळपास सगळं मी बदललंय. आता ती रोज ऑफिसला जाते आणि सुट्टीला चिखलात उतरते. मग ही तीच जीप का?

‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का. प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ येतं. रथ हे जुळणीचं नाव, एवढंच. आरटीओचं तत्त्वज्ञान त्याहून सोपं: चासी नंबर तोच, तर गाडी तीच.

या ‘तीच’चा मला फायदा होतो. पीयूसीत बीएस-४ डिझेल गाडीला धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज. त्याआधीच्या गाड्यांना ६५. म्हणजे रोज वापरण्यापुरती जीप नवी आणि धुरापुरती जुनी. सिग्नलला मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या फुप्फुसाला मात्र चासी नंबर कळत नाही.

कायदा ६५ म्हणतो, पण मी ५० धरतो. आकडा त्यावर गेला, की पंप-नोझल दुरुस्त होईपर्यंत मी बसने जातो. जुनेपण जपायचा हौशी हक्क मला आहे. त्याची किंमत दुसऱ्याच्या श्वासातून वसूल करायचा नाही.