नाव पडणे आणि नाव ठेवणे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी पिठाची चक्की होती. खानदेशातून लिंबायतला आलेली माणसे दिवसपाळी संपवून लूमच्या खात्यावरून परतत आणि बाजरीचे डबे तेथे रांगेत लावीत. ‘चक्कीची गल्ली’ हे नाव कुणी ठेवले नाही, ते पडले. चक्की बंद झाली, तरी नाव टिकले. पुढे एके दिवशी तेथे एका थोर पुरुषाच्या नावाचा फलक लागला. त्या पुरुषाविषयी मनात आदर असूनही मला वाईट वाटले. याच पत्त्यावर वडिलांना गावाकडून पत्रे येत असत.

नाव पडणे आणि नाव ठेवणे यांत अंतर आहे. (‘नावे ठेवणे’ तर निराळेच, त्यात आपण सारे निष्णात आहोत.) पडलेले नाव वापरातून येते, ठेवलेले नाव अधिकारातून. म्हणून पहिले खरे आणि दुसरे उपरे, असे मी बरीच वर्षे मानत आलो. सुरतेतच त्याला पुरावाही सापडे. सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे वैभवाला पोचलेल्या मलिक गोपीचा शेवट सुलतानाच्या रोषाने झाला. त्याची सत्ता गेली, गोपीपुरा मात्र लोकांच्या तोंडी राहिला. आपल्या शेजारचे पर्वत पाटिया पाहा. गुजरातीत पाटिया म्हणजे पाटी. येथे पाटीच ठिकाणाचे नाव होऊन बसली!

परंतु हा सिद्धान्त पुरता टिकत नाही. पुण्याची रविवार पेठ एके काळी मलकापूर होती, शनिवार पेठ मुर्तझाबाद. ठेवलेली नावेही चारदोन पिढ्यांत पडलेल्या नावांइतकीच जिव्हाळ्याची होतात. उलट, वापरातून आलेले प्रत्येक नाव निरागस असते असेही नाही. गावोगावच्या वस्त्यांना जातीवरून जी नावे पडली होती, ती बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. ती नावेही ‘आपोआप’च पडली होती, पण ज्यांना ती पत्त्यात लिहावी लागत, त्यांना कुणी विचारले होते? तेथे जुन्या नावाचा मोह धरणे म्हणजे दुसऱ्याचा अपमान आपल्या आठवणीसाठी जपून ठेवणे होय.

आणखी एक अवघड गोष्ट. शिवाजी महाराजांचे नाव चौकाला असावे, असे आपल्याला सहज वाटते. तेच नाव ऐकताना या शहरातल्या एखाद्या जुन्या घराला 1664 आणि 1670 ची लूट आठवत असेल. त्यामुळे आपला अभिमान खोटा ठरत नाही. मात्र चौक दोघांचा आहे.

फलकाची तक्रार मी एकदा शेजारच्या वृद्ध गुजराती काकांपाशी केली. त्यांच्या वडिलांची येथे शेती होती. ते हसले. म्हणाले, “तुमची चक्की उभी राहिली ना, ते आमचे ‘आंबावाळुं’ खेतर होते.” मी चाळीस वर्षे तेथे राहिलो आणि त्या शेताला नाव असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. आणखी शेतांची नावे विचारली. दोन आठवली, तिसऱ्याशी ते अडखळले. बहिणीला विचारून सांगतो म्हणाले.