बादलीतली बिअर आणि मोहाचा हंडा



उपवासकाळ सुरू झाला की आपल्या पेठच्या डोंगरात मोह फुलू लागतो. फुले पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात, म्हणून या दिवसांत रविवारच्या मिस्साला काही कुटुंबे उशिरा येतात. उशीर का झाला, हे आम्ही विचारत नाही. हाताच्या वासावरूनच कळते.

मागच्या महिन्यात एका पाड्यावर प्रार्थनेसाठी जमलो होतो. वाचन झाले, गाणी झाली, चहा आला. नाशिकला अंबडच्या कारखान्यात कामाला असलेला त्या घरचा तरुण मुलगा सुटीवर आला होता. त्याने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि म्हणाला, "फादर, ही मी घरी केलेली बिअर आहे. विकत नाही. मला छंद आहे." मग तो अर्धा तास बोलत होता. झाकणाची प्लॅस्टिकची बादली, तापमापक, सगळी भांडी उकळत्या पाण्याने धुऊन घेणे, रोजची नोंद ठेवायची वही. आधी त्याने विकतचे जवाचे माल्ट वापरले होते. यंदा बापाच्या शेतातली नागली भिजवली, मोड आणले, वाळवली, भरडली आणि तिची बिअर केली. आपल्या नागलीपासून असे काही होते याचा त्याला केवढा आनंद होता! क्रिकेटचा सामना जिंकून आलेला मुलगा जसा बोलतो तसा तो बोलत होता.

चुलीजवळ बसलेली एक मावशी सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "तू केलीस तो छंद, आणि आम्ही गाळली तो गुन्हा. असं का रे बाळा?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. उत्तर मात्र कोणाजवळ नव्हते. तेव्हापासून ते आम्ही शोधत आहोत.

आधी त्या बादलीकडे पाहू. नागलीला मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. म्हणून तर मोडाच्या नागलीचे सत्त्व आपण लहान बाळांना देतो. त्याच साखरेला यीस्ट लागले की तिचा मद्यार्क होतो. सिक्कीम आणि नेपाळच्या डोंगरांत याच धान्यापासून घरोघरी पेय करतात. बांबूच्या भांड्यात आंबवलेले दाणे, वर गरम पाणी, आणि नळीने ओढायचे. त्याला तोंगबा म्हणतात. म्हणजे त्या मुलाने काही भलतेसलते केले असे नव्हे. देवाने दाण्यातच ठेवलेली ती एक शक्ती आहे.

आपल्या ख्रिस्तसभेने मद्याला कधी मुळातच पाप म्हटलेले नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. योहानाने दिलेल्या मापाने हिशेब केला तर तो सुमारे पाचशे लिटर भरतो, आणि तोही लोकांचे पिऊन झाल्यावर! संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठाच्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात मठवासीयांना रोज ठरावीक माप द्राक्षारस घेण्याची मुभा दिली. ज्यांना न घेता राहता येते त्यांना त्याचे वेगळे फळ मिळेल, असेही तेथेच सांगितले. बेल्जियममध्ये वेस्टव्लेटरेन येथील मठवासी आजही स्वतः बिअर करतात व तिच्या विक्रीवर मठ चालवतात. लॅटिनमधल्या जुन्या रोमन विधिग्रंथात तर बिअरवर आशीर्वाद देण्याची खास प्रार्थना आहे. हे सांगितल्यावर त्या मुलाचा चेहरा फुलला. मावशीचा नाही फुलला.

कारण तिचा प्रश्न वेगळा होता. तिला पाप-पुण्याआधी न्याय हवा होता, आणि त्या बाबतीत तिचे म्हणणे बरेचसे खरे आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. विकले काय, न विकले काय. मुलाची बादली आणि मावशीचा हंडा कायद्याच्या पुस्तकात शेजारी शेजारीच बसतात. पण नाशिकच्या फ्लॅटमधली बादली कोणी पाहायला जात नाही. पाड्यावर मात्र गाडी येते, हंडे फुटतात, रसायन ओतले जाते.

हे आजचे नाही. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये मुंबई इलाख्यासाठी आबकारी कायदा केला. त्याआधी डोंगरातला माणूस घरी गाळत होता आणि घरीच पीत होता. मग तीच दारू ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेण्याची पाळी त्याच्यावर आली. ठाणे-कुलाब्याकडे तर १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले घरात ठेवण्यावरही बंधन आले. सरकारला दारू बंद करायची नव्हती, तिचा महसूल हवा होता. फुलांवरचे असे निर्बंध स्वातंत्र्यानंतरही राहिले. गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. दरम्यान २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि आपला नाशिक जिल्हा वाइनसाठी जगात ओळखला जाऊ लागला. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातली किती माणसे दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला असतात ते आपण जाणतोच. ज्याच्या हातची द्राक्षे वाइन होऊन प्रतिष्ठेने मिरवतात, त्याच्याच घरचा हंडा मात्र गुन्हेगार ठरतो. मावशीला हे सगळे सन माहीत नव्हते, पण अनुभव होता.

येथवर आम्ही तिच्या बाजूने आहोत. पण कायदा विषम आहे म्हणून हंडा निर्दोष ठरतो का? येथे आमचे पाय अडखळतात.

आपल्या वाडवडिलांनी याचे एक उत्तर दिलेले आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची लाट नाशिक जिल्ह्याचा डोंगरी भाग, सुरगाणा, डांग असे करत सुरतेपर्यंत गेली. गावोगाव माणसे जमत, कोणाच्या अंगात देवी येई आणि ती सांगे की दारू सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्याच्या दावणीतून सुटा. हजारो आदिवासींनी हंडे बाजूला ठेवले. त्यांना कोणी मिशनरी सांगायला गेला नव्हता, की पोलीस. पुढे ती लाट ओसरली आणि पुष्कळ जण पुन्हा प्यायला लागले, हेही खरे. तरी एवढे दिसते की घरच्या दारूला आपली संस्कृती म्हणणाऱ्या समाजानेच, ती आपल्याला बांधते आहे असे दिसताच, तिला हात जोडले होते. म्हणून 'आमची परंपरा' एवढे म्हणून विषय मिटत नाही.

शिवाय आजचा हंडा हा आजोबांचा हंडा नाही. लग्नाला, दिवसकार्याला, पाहुण्याला म्हणून गाळायची ती दारू आज रोज गाळली जाते आणि बाटलीने विकली जाते. लवकर उकळी फुटावी म्हणून गूळ आणि नवसागर पडतो. शाळेतून आलेले पोर गिऱ्हाइकाला बाटली पोचवते. बिअरमध्ये मद्यार्क साधारण पाच टक्के. गाळलेल्या मोहात तो कितीतरी पटींनी अधिक, आणि पहिल्या धारेचे माप कोण ठेवतो? २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन. ती मोहाची नव्हती. पण दारूत कोणी काय घातले हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही, हे तेथे कळले.

संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. द्राक्षारस पिणे मुळात निषिद्ध नाही, असे ते म्हणतात. पण पिणाऱ्याला तो सहज बाधत असेल, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल, माप ओलांडले जात असेल, किंवा त्याच्या पिण्याने दुसरा अडखळत असेल, तर तेच पिणे चुकीचे होते. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२९० व्या परिच्छेदातही दारू अन्न, तंबाखू आणि औषध यांच्याच ओळीत आहे आणि अट एकच, अतिरेक टाळा. म्हणजे भांड्यात काय आहे यापेक्षा भांड्याभोवती कोण बसले आहे, हे पाहायचे.

या कसोटीवर मुलाचा छंद घासून पाहू. छंद म्हणजे जे आज सोडले तरी उद्या काही अडत नाही ते. त्याला पगार आहे. बायकोला पैसे डब्यात लपवून ठेवावे लागत नाहीत. बादली बिघडली तर तो हसून ओतून देतो. पण ज्या घरातली नागली आषाढातच संपते, त्या घराने मोडाची नागली बादलीत घातली तर तो छंद होईल का? दोन्हीकडे धान्य तेच, कृतीही तीच. मात्र तेथे ती बाळाच्या वाटीतून काढलेली असेल. मावशीला आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पैसेवाल्याचा छंद आणि गरिबाचं पाप." तिला गप्प करणारे उत्तर आमच्याजवळ नाही. तिचा टोमणा आम्हाला लागला आणि तो लागायलाच हवा. कारण ज्याच्याजवळ जास्त मोकळीक आहे त्याच्यावर जास्त जबाबदारी आहे, हे आम्ही मुलाला त्या दिवशी सांगितले नाही. उलट ग्लास पुढे केला. बिअर चांगली होती.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगतो. त्या दिवशी दाराजवळ मुलाचे मामा बसले होते. चौदा महिने झाले, त्यांनी दारूला हात लावलेला नाही. आधी त्यांच्यामुळे घराने काय सोसले ते येथे सांगायला नको. बाटल्या फिरल्या, त्यांच्या समोरूनच फिरल्या. "बैलाला पाणी दाखवतो," म्हणून ते उठले आणि परत आले नाहीत. आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही. छंद, कायदा, संस्कृती यांवर आमची चर्चा रंगली होती.

संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात चौदाव्या अध्यायात नेमके हेच म्हटले आहे. भावाला ठेच लागत असेल तर मांस न खाणे, द्राक्षारस न पिणे बरे. आपण हे वाचन किती वेळा ऐकले आहे! आणि ख्रिस्तसभा हे नुसते वाचत नाही. मिस्सासाठी द्राक्षांचा खरा, न बिघडलेला द्राक्षारसच लागतो, त्यात तडजोड नाही. तरीसुद्धा ज्या धर्मगुरूला मद्याचा त्रास आहे त्याने बिशपांच्या परवानगीने 'मुस्तुम', म्हणजे आंबणे जवळजवळ सुरुवातीलाच थांबवलेला द्राक्षांचा रस, वापरावा अशी सोय आहे. रोमच्या श्रद्धाविषयक विभागाने २००३ मध्ये पत्र काढून ती पुन्हा स्पष्ट केली. प्रत्यक्ष वेदीवर, जेथे एका थेंबाचाही नियम आहे, तेथे दुर्बल माणसासाठी जागा ठेवली आहे. आमच्या चहाच्या घोळक्यात मात्र ती नव्हती.

आठ दिवसांनी आम्ही मामांकडे गेलो. क्षमा मागितली. हे लिहू का, असेही विचारले. ते म्हणाले, "लिहा, पण नाव नको." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "फादर, बाटलीचं काही वाटलं नाही. ती तर रोजच दिसते. पण तेवढ्या माणसांत कोणी विचारलं नाही, तुला चहा देऊ का म्हणून."

ईस्टरनंतर त्याच घरात मुलाच्या बहिणीचे लग्न आहे. मुलाला बिअरची एक मोठी बादली लावायची आहे, दोन-तीन आठवडे लागतात म्हणून तो आताच विचारतो आहे. मावशीने सांगून टाकले आहे की बिअर आली तर मोहही येईल, पाहुण्यांत भेद करता येणार नाही. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांबाबतचे अधिकार ग्रामसभेकडे आहेत. त्या आधारे हंड्यांचा विषय ग्रामसभेत मांडावा, असे पाड्यावरच्या काही बायका म्हणत आहेत. मावशीही जाणार आहे, आणि ती कोणत्या बाजूने बोलेल हे आम्हाला खरेच माहीत नाही. लग्नाचे मात्र ग्रामसभेवर सोडता येत नाही. मामाशिवाय नवरी मांडवात येत नाही. मुलाला आम्ही एवढेच म्हटले आहे की बादली लावण्याआधी मामांना जाऊन भेट. तो अजून गेलेला नाही. पुढच्या शनिवारी सुटी मिळाली तर जाईन म्हणतो.